आपल्याला कोणता रंग खुलतो?

येवल्यात पैठणी घेताना 'सावळीला गडद रंग नको' असे कोणीतरी सुचवतेच, आणि आपण ते निमूटपणे ऐकतो. रंगांचे शास्त्र मात्र निराळे सांगते.

फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल हे पॅरिसच्या गोब्लँ या गालिचांच्या कारखान्यात रंगकामाचे प्रमुख होते. काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार आली. त्यांनी पाहिले, तो दोष काळ्या रंगाचा नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्याचा होता. शेजारचे रंग एकमेकांचे रूप पालटतात, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

चेहऱ्यालाही हाच नियम लागू आहे. हिरव्या कापडाशेजारी त्वचेतील तांबूस छटा उठते. अगदी फिक्या कापडाशेजारी तीच त्वचा अधिक गडद भासते. म्हणजे गोरेपणावर काहीच ठरत नाही, मेळावर ठरते. संक्रांतीची काळी चंद्रकळा सावळ्या अंगावर खुलते, ती याचमुळे.

तेव्हा दिवसाच्या उजेडात, आरशासमोर, एकेक पदर हनुवटीखाली धरावा. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. म्हणून पदर हलवूनही पाहावा. आधी चेहरा दिसला, तर तो रंग आपला. आधी लुगडेच दिसले, तर ते परत ठेवावे. सल्ला सर्वांचा ऐकावा, निवाडा मात्र आपल्या डोळ्यांनी करावा.