बेथ आल्फाच्या जमिनीवरील सूर्यरथ

धर्माचा इतिहास लिहिणाऱ्याची मोठी अडचण अशी, की त्याच्या दप्तरी जमा झालेले बहुतेक लेखन विद्वानांचे, पुरोहितांचे आणि शास्त्र्यांचे असते. काय करावे आणि काय करू नये याविषयीच्या त्यांच्या आज्ञा त्यात सविस्तर सापडतात, परंतु त्या आज्ञा ऐकणाऱ्या गावकऱ्याने प्रत्यक्षात काय केले, आपली पुंजी कशावर खर्च केली, याचा मजकूर क्वचितच आढळतो. अशा वेळी ओल्या चुन्याच्या थरावर रंगीत दगडांचे बारीक चौकोनी तुकडे बसवून सजवलेली जुनी फरसबंदी, म्हणजेच मोझेक, हा फार मोलाचा दस्तऐवज ठरतो. भिंती कोसळल्या आणि छपरे कुजली तरी ती ढिगाऱ्याखाली जागच्या जागी राहते; नकलनविसाला तिचा पाठ बदलता येत नाही, आणि कोणी तिच्यावर हत्यार चालवलेच तर त्या घावाची नोंदही तिच्याच अंगावर उरते.

1928 सालच्या अखेरीस पॅलेस्टाईनमध्ये गिल्बोआ डोंगराच्या पायथ्याशी, हेफ्झिबा नावाच्या सामुदायिक शेतीच्या वसाहतीतील लोक पाण्याचा पाट खणत असताना त्यांच्या कुदळींना अशीच एक फरसबंदी लागली. पुढल्या वर्षी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे एलिअझर सुकेनिक यांनी तेथे रीतसर उत्खनन केले, तेव्हा सहाव्या शतकातील एका यहुदी प्रार्थनामंदिराची जवळजवळ संपूर्ण जमीन उजेडात आली. या स्थळाला बेथ आल्फा म्हणतात. मधल्या दालनात एकापुढे एक तीन चित्रचौकटी आहेत. प्रवेशाजवळच्या चौकटीत अब्राहाम आपला पुत्र इसहाक याचा बळी देण्यास उभा आहे, वरून ईश्वराचा हात त्याला थांबवतो आहे आणि झाडाला बांधलेला एडका पर्याय म्हणून सिद्ध आहे. जेरुसलेमच्या दिशेकडील चौकटीत तोरा या धर्मग्रंथाच्या पोथ्या ठेवण्याचा कोश, दोन्ही बाजूंना सात फांद्यांचे दीपवृक्ष, सिंह आणि पक्षी आहेत. कोकणातील बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर आतून पाहिलेल्या मराठी वाचकाला त्यातील कोश तरी अनोळखी वाटणार नाही.

विद्वानांना विस्मित केले ते मधल्या चौकटीने. तेथे बारा राशींचे चक्र आहे, चार कोपऱ्यांत चार ऋतू स्त्रीरूपाने आहेत, आणि चक्राच्या केंद्रस्थानी मस्तकाभोवती किरणे धारण केलेला सूर्य चार घोड्यांच्या रथात समोर तोंड करून उभा आहे. हा ग्रीकांचा हेलिऑस, यात संशय नाही. आणि मूर्ती घडवू नये अशी ज्यांच्या धर्माची मूलभूत आज्ञा, त्यांनी तो आपल्या उपासनास्थानाच्या मध्यभागी काढवून घेतला आहे! राशी आपल्या पंचांगातल्याच, मेषापासून मीनापर्यंत. ग्रीक ज्योतिषाबरोबर त्या एकीकडे आपल्याकडे आल्या तशाच दुसरीकडे या खोऱ्यातही रुजल्या. त्यांची नावे येथे हिब्रू लिपीत आहेत. मात्र ऋतू आणि राशी यांचा मेळ बसत नाही, कारण ऋतू आपल्या राशींच्या शेजारी आलेले नाहीत. म्हणजे ग्रहगणित शिकवण्यासाठी हे चक्र काढले असेल असे मला वाटत नाही. विश्वाची नियमबद्ध गती आणि तिचा कर्ता ईश्वर यांचे ते चिन्ह असावे, हे मत मला अधिक ग्राह्य वाटते.

हा एखाद्या आडगावचा भ्रष्टाचार होता, असे म्हणण्याचीही सोय नाही. तिबेरियासजवळच्या हम्मत येथे, जे यहुदी शास्त्रविद्येचे केंद्रच होते, चौथ्या शतकातील असेच आणि कलादृष्ट्या कितीतरी सरस राशिचक्र सापडले आहे. सेफोरिस येथे 1993 साली सापडलेल्या जमिनीवर रथ आणि घोडे आहेत, पण रथात देवाच्या जागी नुसते किरणांकित सूर्यबिंब आहे. तेथील कोणाच्या तरी मनाला मनुष्यरूप खटकले असले पाहिजे. जेरुसलेमी तालमूद या यहुदी शास्त्रग्रंथाच्या एका जुन्या हस्तलिखितात असा उल्लेख आहे, की रब्बी अबून यांच्या काळी लोक मोझेकवर चित्रे काढू लागले आणि रब्बींनी त्यांना अडवले नाही. या मौनाचा अर्थ ही जमीन पाहिल्यावर कळतो.

बेथ आल्फाच्या दारातील खंडित अरमाईक लेख ही फरसबंदी सम्राट जस्टिनच्या कारकीर्दीत घातल्याचे सांगतो. बहुतेक संशोधकांच्या मते हा पहिला जस्टिन, इ. स. 518 ते 527. आता 438 साली सम्राट दुसऱ्या थिओडोसिअसने यहुद्यांनी नवी प्रार्थनामंदिरे बांधू नयेत असा हुकूम काढला होता. हुकूम दप्तरात राहिला, आणि जवळजवळ शतकभरानंतर एका खेड्यातील लोकांनी आपल्या वर्गणीतून ही जमीन सजवली, तिच्यावर ख्रिस्ती बादशहाच्या कारकीर्दीचे सालही घातले. साम्राज्याच्या कायद्यांवरूनच त्या समाजाची अवस्था अजमावणाऱ्यांना हा दाखला विचारात घ्यावाच लागेल.

शेजारच्या ग्रीक लेखात कारागिरांची नावे आहेत: मारिआनोस आणि त्याचा मुलगा हनीना. बापाचे नाव ग्रीक-रोमन वळणाचे, मुलाचे हिब्रू. याच जोडीची सही जवळच्या बेथ शान नगरातील, सामान्यतः शोमरोनी पंथाचे समजल्या जाणाऱ्या प्रार्थनामंदिरातही सापडली आहे. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर बायबलमध्ये प्रसिद्धच आहे. पण जमीन घालण्यासाठी दोघांनीही तेच बापलेक बोलावले. मला हा पुरावा अत्यंत हृद्य वाटतो, कारण पंथांमधला हा व्यवहार कोणत्याही धर्मग्रंथाने नोंदवून ठेवला नसता.

आणि घावांची साक्ष म्हणाल तर ती जेरीखोजवळच्या नारानला आहे. पहिल्या महायुद्धात, 1918 साली, तोफेचा गोळा पडून तेथील फरसबंदी उघडी झाली. तिथेही राशिचक्र, तिथेही सूर्य. परंतु ती घातल्यानंतर केव्हातरी, जुन्या काळीच, कोणीतरी माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृती खणून काढल्या आहेत, आणि शेजारची हिब्रू अक्षरे मात्र काळजीपूर्वक सोडून दिली आहेत. लुटारूला किंवा परधर्मीय आक्रमकाला अक्षरांची एवढी पर्वा नसते. हे काम त्याच समाजातील, त्या अक्षरांना पवित्र मानणाऱ्या माणसांचे असले पाहिजे. ज्या चित्रांसाठी पूर्वजांनी दान दिले, ती वंशजांना सहन झाली नाहीत, एवढा मोठा मतपालट त्या एकाच जमिनीवर वाचता येतो.