सांध्यांतील गंज

अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे पत्र्याचे भाग घडविणारे अनेक कारखाने आहेत, व आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील त्यांत किंवा शेजारच्या सातपुरांत काम करतात. तेव्हां पत्रा म्हणजे काय हें येथील मुलांस आम्हीं सांगावयास नको. परंतु गंज बहुधा जेथून खाण्यास आरंभ करतो ती जागा डोळ्यांस दिसत नाहीं.

गेल्या वर्षीं एका पालकांनीं मुलांची ने-आण करण्याकरितां एक जुनी व्हॅन विकत घेतली. रंग नवा, लखलखीत. पहिला पावसाळा संपतो न संपतो तोंच दाराखालच्या पट्टीवर बारीक फुगवटे आले, आणि एके सकाळीं एका मुलाचा पाय पायरीच्या पत्र्यांतून आरपार गेला. सुदैवानें गाडी उभी होती. रंग खरवडून पाहतों तों आंत लांबी भरलेली, व लांबीखालीं पत्रा जवळजवळ नव्हताच!

असें कां व्हावें? लोखंड, पाणी व प्राणवायु एकत्र आलीं कीं गंज चढतो, हें सर्वांस ठाऊक आहे. गाडीचा सांगाडा मात्र एकसंध नसतो. पत्र्यावर पत्रा ठेवून ठिपक्याठिपक्यांनीं वेल्डिंग केलेलें असतें. दोन ठिपक्यांमधील केसासारख्या फटींत पाणी, दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें, आपोआप शिरतें व लवकर वाळत नाहीं. नवल पुढेंच आहे. फटीच्या तोंडाशीं प्राणवायु भरपूर, आंत थोडा. या फरकामुळें तेथें एक सूक्ष्म विद्युत्घट तयार होतो, आणि झिजतें तें आंतलें, प्राणवायु कमी असलेलें लोखंड. शिवाय गंज मूळ लोखंडाहून कित्येक पट जागा व्यापतो व दोन्ही पत्रे दूर रेटतो. फुगवटा दिसला म्हणजे आंतील नासाडी बरीच झाली असें समजावें.

कारखान्यांत पत्र्यावर जस्ताचा थर देतात. जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. फ्रान्समधील सोरेल यानें १८३७ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें सबंध सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून वीज सोडतात, म्हणजे रंग कोनाकोपऱ्यांत ओढला जातो. मग सांध्यांवर सीलर भरतात.

घरीं करावयाचें काम सोपें आहे. दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्याकरितां बारीक छिद्रें असतात; तीं चिखलानें बुजूं देऊं नयेत. पावसाळ्यांत गाडीचें बूड धुवावें, ओल्या चटया काढून ठेवाव्यात. कोंकणांतून परतल्यावर तर धुणें अगत्याचें, कारण खारट हवेनें गंज झपाट्यानें वाढतो.

गंज धरलाच तर चकचकीत धातु दिसेपर्यंत तो खरवडावा, प्रायमर द्यावा, प्रायमर वाळल्यावर सीलर भरावा आणि मग रंग. भोंक पडलें असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्यावांचून गत्यंतर नाहीं. वेल्डिंगच्या उष्णतेनें जस्त जळून जातें, म्हणून तेथें जस्तयुक्त प्रायमर लावावा, व पोकळीच्या आंतून मेण फवारावें. लांबी ही खळगा सारखा करण्यापुरती. ती पाणी शोषते, आणि भार तर मुळींच पेलत नाहीं. गंजावर लांबी थापून वर रंग फांसणें यास आम्ही दुरुस्ती म्हणत नाहीं, लबाडी म्हणतों.

त्या पालकांनीं पायरी व खालची पट्टी कापून नवा पत्रा बसविला. त्याकरितां व्हॅन कांहीं दिवस उभी राहिली, व तितके दिवसांची मिळकत बुडाली. दाराखालचीं छिद्रें आतां दर शनिवारीं त्यांचा मुलगा काडीनें मोकळीं करतो.