हौशी ड्रोनचा ट्रान्समीटर व रिसीव्हर : खरेदीपूर्वीं घ्यावयाची दक्षता

शेतकरी कुटुंबांतील तरुणांस हल्लीं लहान ड्रोन स्वतः जुळविण्याचा छंद लागूं लागला आहे. सुटे भाग निरनिराळ्या दुकानांतून येतात. आणि पुष्कळदां असें होतें कीं, हातांतील ट्रान्समीटर व ड्रोनवरील रिसीव्हर या दोहोंवर ‘2.4 गिगाहर्ट्झ’ अशीं अक्षरें छापलेलीं असूनहि त्यांची परस्परांशीं ओळख पटत नाहीं. मग माल सदोष ठरवून दुसरा आणला जातो व पैसा फुकट जातो. वस्तुतः बहुधा दोष मालांत नसून जोडींत असतो.

हा प्रकार दौंडकरांस नवा नाहीं. 1914 सालीं सुरू झालेल्या दौंड-बारामती लोहमार्गाच्या रुळांतील अंतर 2 फूट 6 इंच, तर मुख्य मार्गाचें 5 फूट 6 इंच होतें. दोन्ही मार्ग दौंडास मिळत. परंतु एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. बारामतीचा मार्ग पुढें रुंद झाला, तेव्हां ही अडचण मिटली. त्याचप्रमाणें 2.4 गिगाहर्ट्झ हें केवळ लहरींचें स्थान होय. तेथें संदेश कोणत्या रीतीनें जावयाचा, हा नियम म्हणजे प्रोटोकॉल. तो उभयतांचा एकच पाहिजे.

ट्रान्समीटर क्षणोक्षणीं लहरी बदलतो, व तो क्रम रिसीव्हरास ठाऊक असावा लागतो. फ्लायस्कायचा एएफएचडीएस 2ए, फ्रस्कायचा डी16 व स्पेक्ट्रमचा डीएसएमएक्स हे प्रोटोकॉल परस्परांस अनोळखी आहेत. कंपनी एकच असली म्हणजे झालें, असेंहि नाहीं. डी16 चा युरोपासाठीं केलेला प्रकार व इतर देशांसाठीं केलेला प्रकार यांची जोडी जमत नाहीं. एक्सप्रेसएलआरएस हा खुला प्रोटोकॉल अनेक उत्पादक वापरतात, त्यामुळें निरनिराळ्या कंपन्यांचे भाग त्यांत चालतात. मात्र त्याची दुसरी व तिसरी आवृत्ति एकमेकींशीं जुळत नाहीं.

म्हणून दुकानदारास तीन गोष्टी विचाराव्या. प्रोटोकॉलचें पूर्ण नांव व आवृत्ति कोणती? रिसीव्हर एसबस, आयबस कीं सीआरएसएफ पद्धतीनें संकेत देतो, व आपला फ्लाइट कंट्रोलर तो घेतो काय? आणि लहरी कोणत्या? आपल्या देशांत 2.4 गिगाहर्ट्झ व 865 ते 868 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत, ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेंत, परवान्यावांचून अशीं उपकरणें वापरतां येतात. अमेरिकेसाठीं केलेला 915 मेगाहर्ट्झचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

जोडी जमली म्हणजे काम संपलें असें समजूं नये. पंखे काढून ठेवून मोटारी चालू कराव्या व ट्रान्समीटर बंद करावा. मोटारी क्षणभरांत आपोआप थांबल्या पाहिजेत. या व्यवस्थेस फेलसेफ म्हणतात. ही परीक्षा न करतां उडविलेला ड्रोन संपर्क तुटतांच भरकटून उभ्या उंसांत हरवेल, किंवा खुरपणीस बसलेल्या बायांवर जाऊन पडेल. औषध फवारणीचा मोठा ड्रोन तर उत्पादकाच्या मूळ संचानिशींच वापरावा. त्यांत बाहेरचा रिसीव्हर मुळींच घालूं नये.

बियाण्याची पिशवी घेतांना आपण जात व तारीख वाचून घेतों. तितकीच चिकित्सा येथेंहि करावी, अशी आमची वाचकांस सूचना आहे.