भीतीची भीति

घरांत सर्व स्वस्थ असतां एकाएकीं छाती धडधडूं लागावी आणि आतां आपलें कांहीं खरें नाहीं असें वाटावें, हा अनुभव पुष्कळांना येतो.

ऑस्ट्रेलियांतील प्राणिशास्त्रज्ञ क्लेअर वीक्स यांना तरुणपणीं चुकीनें क्षयी ठरवून आरोग्यधामांत ठेवलें. तेथून त्या परतल्या त्या छातीची धडधड घेऊनच. पहिल्या महायुद्धांत लढलेल्या एका स्नेह्यानें त्यांस सांगितलें, कीं ही भीति आहे. सैनिकांनाही असेंच होई. तेथून त्या सावरल्या, वैद्यक शिकून १९४५ सालीं डॉक्टर झाल्या आणि अशाच रुग्णांना वाट दाखवूं लागल्या.

त्यांची शिकवण अशी: पहिली भीति आपोआप येते, दुसरी, त्या धडधडीची धास्ती, आपण घेतों आणि तीच पहिलीला सरपण पुरविते. १९६२ सालच्या ग्रंथांत त्यांनीं चार उपाय सांगितले: सामोरें जावें, होतें तें होऊं द्यावें, न झगडतां तरंगत पुढें सरावें, आणि काळ जाऊं द्यावा.

घरांत कोणी असा घाबरला, तर प्रथम डॉक्टरांना दाखवा. पण ‘उगाच भितोस’ म्हणूं नका. ही भीति आहे, ती ओसरते, एवढें शेजारीं बसून सांगा. वीक्सबाईंना वाट सांपडली ती अशाच एका शब्दानें.