मार्गनिर्देशन, सहकारी निरूढीय

उपग्रहांचे संकेत मिळत नसताना अनेक वाहनांनी आपापल्या निरूढीय (जडत्वावर आधारलेल्या) उपकरणांची मापने व परस्परांमधील अंतरे एकत्र करून स्थाननिश्चिती करण्याची पद्धती. बोगदे, खाणी व समुद्राच्या पाण्याखाली उपग्रहांचे रेडिओ संकेत पोहोचत नाहीत. शिवाय जीपीएस उपग्रहांचे संकेत सु. २०,२०० किमी. उंचीवरून येत असल्याने क्षीण असतात व युद्धकाळात ते सहज दडपता येतात.

निरूढीय प्रणालीत प्रवेगमापक व घूर्णी [⟶ घूर्णी] असतात. प्रवेगाचे एकदा समाकलन केल्यास वेग व पुन्हा केल्यास स्थानांतर मिळते. बाहेरील संकेताची गरज नसल्याने १९५८ मध्ये नॉटिलस ही अमेरिकन अणुपाणबुडी अशा प्रणालीच्या साह्याने उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून पार झाली. मात्र समाकलनाबरोबर दोषही साचत जातो. प्रवेगमापकात ०·०१ मी./से.² एवढा स्थिर दोष असल्यास स्थानातील चूक एका मिनिटात १८ मी., तर पाच मिनिटांत सु. ४५० मी. होते.

निरनिराळ्या वाहनांतील उपकरणांचे दोष बहुतांशी परस्परांपासून स्वतंत्र असतात. सहकाराचा लाभ यातूनच होतो. संदेशाच्या प्रवासास लागलेल्या वेळावरून वाहनांमधील अंतर काढतात. रेडिओ तरंग सेकंदाच्या एक अब्जांश भागात सु. ३० सेंमी. जातो. पाण्याखाली सेकंदाला सु. १,५०० मी. जाणारा ध्वनी वापरतात. आर्. ई. कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गाळणी पद्धतीने प्रत्येक मापनास त्याच्या विश्वासार्हतेनुसार महत्त्व देता येते. त्यामुळे एखाद्या वाहनातील उत्तम उपकरणाचा उपयोग इतर सर्वांना होतो.

अंतरांवरून तांड्याचा आकार कळतो, त्याची पृथ्वीवरील जागा कळत नाही. सर्व तांडा एकत्र सरकला किंवा वळला, तर परस्पर अंतरे बदलत नाहीत. यासाठी निदान एका वाहनास ज्ञात खूण मिळणे आवश्यक असते. जपानमध्ये कुराझुमे व नागाता यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या योजनेत काही यंत्रमानव जागीच थांबून इतरांसाठी खुणेचे काम करतात व नंतर भूमिका बदलतात.

खरी अडचण माहितीच्या पुनरावृत्तीची आहे. एका वाहनाचा अंदाज दुसऱ्या-तिसऱ्यामार्फत त्याच्याकडेच परतला, तर ते त्यास नवा पुरावा समजते. एकच अफवा चार तोंडांनी ऐकल्यावर खरी वाटावी, तसा हा प्रकार होय. चूक कायम राहते, पण चुकीची अपेक्षित मर्यादा मात्र आकुंचन पावते; असे वाहन धोक्याच्या जागीही वेग कमी करीत नाही. १९९७ मध्ये जूलियर व ऊलमन यांनी सुचविलेल्या पद्धतीत अंदाजांमधील परस्परसंबंध अज्ञात मानून मर्यादा मुद्दाम सैल ठेवतात. यात थोडी अचूकता गमावली जाते. लष्करी उपयोगात आणखी एक पेच असतो : अंतर मोजण्यासाठी सोडलेला संदेशच शत्रूला वाहनाचा ठावठिकाणा कळवू शकतो.