मोबाइलमधले चार फोटो

मैत्रिणींनो, घरातले कागद जपण्याचं काम बहुतेक वेळा आपल्याचकडे असतं. लाइटबिलं, मुलांचे दाखले, गॅसचं पुस्तक, सगळं एका पिशवीत, कपाटात साड्यांच्या खाली. पण ई-मेलवर आलेलं पत्र? ‘ते काय, तिथे आहेच की!’ म्हणून आपण निर्धास्त असतो. मीही होते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रात एक मुलगी आली. (तिला विचारूनच लिहिते आहे.) नवरा आखातात नोकरीला. त्याच्या व्हिसासाठी हिचे दागिने मोडले होते. ‘वर्षभरात करून देतो’ असं त्यानंच मेलमध्ये कबूल केलेलं. आता तो म्हणतो, दागिने घेतलेच नाहीत. तिनं पुरावा म्हणून मोबाइलमध्ये काढलेले चार फोटो दाखवले. पाहते तर काय, त्यात त्याचं कबुलीपत्र नव्हतंच! होतं ते शेवटचं भांडण, आणि त्यातही हिचीच चिडून लिहिलेली उत्तरं. वकीलबाई म्हणाल्या, “अहो ताई, हे एवढंच दिलं तर हीच भांडकुदळ ठरेल. पहिल्यापासूनचं सगळं आणा.”

दुसरी भीती त्याहून मोठी. तिचं जीमेलचं खातं नवऱ्यानंच उघडून दिलेलं, पासवर्ड त्याला ठाऊक. त्यानं मनात आणलं तर सगळं पुसायला किती वेळ लागणार? पुसलेला मेल ‘ट्रॅश’मध्ये तीस दिवस राहतो, आणि तिथूनही हातानं काढून टाकता येतो. म्हणून आधी पासवर्ड बदलला. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबरही त्याचाच होता, तोही बदलला. हे दुसरं आपल्या लक्षातच येत नाही!

मग माझ्या घरी, लेकीच्या लॅपटॉपवर बसलो. आधी मी कंट्रोल आणि एस दाबून पान साठवलं. नंतर उघडलं तर धड काही दिसेना. लेक हसली. म्हणाली, “आई, पत्रव्यवहार उघड, वर उजवीकडे प्रिंटरचं चित्र आहे ना, ते ‘प्रिंट ऑल’. ते दाब.” दाबल्यावर त्या संवादातली सगळी पत्रं तारीखवार एकाखाली एक आली. प्रिंटरच्या नावाच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडलं, की कागद न लागता फाइल तयार.

झालं, असं वाटलं. पण कबुली काही सापडेना. तेव्हा कळलं, की विषयाची ओळ बदलली किंवा शंभरापेक्षा जास्त पत्रं झाली, की जीमेल नवा संवाद धरतं. ‘दागिने’ असा शब्द टाकून शोधलं, काहीच नाही. कारण तो मराठी लिहायचा इंग्रजी अक्षरांत, आणि तेही दर वेळी वेगळ्या स्पेलिंगनं! शेवटी शब्द सोडला आणि त्याच्या पत्त्यावरून शोधलं. मग निघालं ते पत्र, ‘बाळाचा वाढदिवस’ या विषयाखाली. केक कुठून आणायचा ते लिहून झाल्यावर शेवटच्या तीन ओळींत दागिन्यांचं.

ती ते वाचून गप्प बसली. मी चहा टाकायला उठले.

पीडीएफमध्ये जोडलेल्या फायलींचं फक्त नाव येतं. सोनाराच्या पावतीचा फोटो वेगळा उतरवून घ्यावा लागला. महत्त्वाच्या पत्रांशेजारच्या तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ आहे, तिथून मूळ पत्रही घेतलं. त्यात ते कुठून, केव्हा निघालं याच्या नोंदी असतात. शिवाय ‘गूगल टेकआउट’ नावाच्या सोयीतून सगळा मेल एकगठ्ठा मागवता येतो. तो एमबॉक्स फाइलमध्ये येतो, आणि थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये वाचता येतो.

कोर्टाचं आणखी एक. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतींसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकिलांकडून समजून घ्या. आणि मूळ मेल, पीडीएफ झाली म्हणून, अजिबात पुसू नका.

घरी संगणक नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात हेच होतं, पण मग निघताना खात्यातून बाहेर पडा, ‘डाउनलोड्स’मधली फाइल काढा, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करा. गावात कोण कुणाच्या ओळखीचं असेल, सांगता येत नाही, बाई!

भांडण नसलं तरी हे लागतं. दोन वर्षं उघडलंच नाही तर ते खातं काढून टाकण्याचं धोरण गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं. माझ्या भावाची पुण्याहून, मग अमेरिकेतून आलेली पत्रं अशाच एका जुन्या खात्यात होती. त्याच आठवड्यात मी ती उतरवून घेतली.

तिचं प्रकरण अजून चालू आहे. प्रिंट काढताना तिनं लग्नानंतरचं पहिलं पत्र हातात घेऊन विचारलं होतं, “ताई, हेपण द्यायचं का वकिलांना?” त्यात फक्त तिच्या हातच्या थालीपिठाची आठवण होती. वकीलबाईंना सगळंच हवं होतं, म्हणून दिलं. पेनड्राइव्ह दोन केले, एक वकीलबाईंकडे आणि एक तिच्या आईच्या डाळीच्या डब्यात.