काढलेली डिस्क आणि मागे राहिलेले आकडे

क्ष-किरण व सीटी स्कॅनच्या प्रतिमा, प्रयोगशाळेचे अहवाल आणि आंतररुग्णांच्या नोंदी आता मोठ्या प्रमाणावर सर्व्हरवर साठविल्या जातात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन कराव्या लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. छत्रपती संभाजीनगरला जालना, बीड, परभणी येथून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णाला जुन्या अहवालासाठी पुन्हा फेरी पडू नये, ही अपेक्षाही त्यामागे आहे. म्हणूनच साठवण व्यवस्थेच्या प्रकृतीचे आकडे कसे वाचावेत, याची माहिती येथे देत आहोत.

सर्व्हरला दिसणारी प्रत्येक डिस्क स्वतंत्र वस्तू असतेच असे नाही. एका मोठ्या साठवण यंत्रणेचे भाग पाडून ते वेगवेगळ्या डिस्क म्हणून दाखविता येतात. यांना आभासी डिस्क म्हणतात. गरजेनुसार त्या जोडता येतात, तशाच काढताही येतात. मात्र डिस्क काढल्यानंतर आकडेवारी तीन प्रकारे फसवू शकते.

पहिला प्रकार अपूर्ण कामांचा. लिनक्स प्रणाली प्रत्येक डिस्कवर सुरू झालेली, पण न संपलेली कामे मोजते. रुग्ण घरी गेला, तरी कक्षाच्या फळ्यावरील त्याचे नाव पुसले गेले नाही, तर खाट भरलेलीच वाटते. त्याचप्रमाणे काम चालू असताना डिस्क निघाली आणि तिच्यावर आधारलेल्या वरच्या थरातील मोजणी मिटली नाही, तर तो थर १०० टक्के व्यग्र दिसतो. लिनक्सच्या काही आवृत्त्यांत अशा स्वरूपाचे दोष आढळले व दुरुस्त करण्यात आले.

दुसरा प्रकार वजाबाकीचा. हे आकडे विजेच्या मीटरप्रमाणे वाढत जातात आणि दोन वाचनांतील फरक म्हणजे त्या काळातील काम. समजा, जुन्या डिस्कचे वाचन ८,००,००० होते. ती काढून त्याच नावाने नवी डिस्क जोडली आणि तिचे वाचन ५०० आले. हा बदल लक्षात न घेणारे साधन ऋण किंवा अवाढव्य आकडा दाखवू शकते.

तिसरा प्रकार बेरजेचा. काढलेल्या डिस्कची ओळ यादीतून जाते आणि एकूण काम घटल्याचा भास होतो. प्रत्यक्षात रुग्णसेवेचा भार तेवढाच असतो.

अशा आकड्यांवर विसंबून नव्या यंत्रणेची खरेदी केली, तर देणगीदारांचा पैसा अनाठायी खर्च होतो. उलट खऱ्या ताणाकडे दुर्लक्ष झाले, तर अहवाल उघडण्यास विलंब होतो. यावर पडताळणी सोपी आहे. व्यग्रता १०० टक्के दिसत असताना वाचन व लेखन दोन्ही सातत्याने शून्य असतील, तर प्रथम मोजणीवर संशय घ्यावा. तसेच एकाच वेळी अनेक कामे हाताळणाऱ्या डिस्कबाबत १०० टक्के म्हणजे क्षमता संपली असेही नव्हे. प्रत्येक कामाला लागणारा वेळ पाहावा लागतो.

डिस्क काढण्यापूर्वी तिच्यावरील माहितीची प्रत तपासणे, तिचा वापर थांबविणे, तिची जोडणी रीतसर सोडविणे आणि दिनांक व वेळ नोंदवहीत लिहिणे हा क्रम पाळल्यास पुढील आलेखातील चढउतारांचा अर्थ लागतो. खरेदीचा प्रस्ताव विश्वस्तांसमोर येईल, तेव्हा त्यासोबत ही नोंदही असणे इष्ट आहे.